मदतीचा हिशेब : मुलीच्या सघन फिजिओथेरपीच्या काळातील प्रकल्प नोंदी

३ जून

आमच्या मुलीला स्पास्टिक डायप्लेजिया या प्रकारची सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूची वाढ होत असतानाच त्याला इजा झाली, त्यामुळे तिच्या दोन्ही पायांचे स्नायू ताठ राहतात. हातांवर त्याचा परिणाम बराच कमी आहे. ही इजा वाढत जाणारी नाही. मात्र स्नायू, हाडे आणि सांधे यांवर होणारे तिचे परिणाम मूल वाढत जाते तसे बदलत राहतात, आणि फिजिओथेरपीचा बराचसा भर याच परिणामांवर असतो. हालचालींच्या क्षमतेनुसार मुलांचे पाच स्तर ठरवणारी जीएमएफसीएस ही पद्धत रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली आणि २००७ मध्ये तिची विस्तारित आवृत्ती आली. त्या पद्धतीप्रमाणे साडेसहा वर्षांची आमची मुलगी तिसऱ्या स्तरावर आहे. या स्तरावरची मुले घरात आणि वर्गात वॉकरसारखे साधन हाताने धरून चालतात, लांबच्या अंतरासाठी त्यांना चाकाची खुर्ची लागते.

येत्या सोमवारपासून सहा आठवड्यांचा सघन टप्पा सुरू होत आहे. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास केंद्रात, आणि त्यानंतर तीन महिने तेच काम घरी आणि शाळेत मुरवायचे, अशी आखणी आहे. थेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच बैठकीत आम्हा दोघांना स्पष्ट सांगितले की केंद्रातले तास त्यांचे, उरलेला दिवस आमचा, आणि मुलीचा बराचसा दिवस त्या उरलेल्या भागातच जातो. म्हणूनच या नोंदी मी एका विशिष्ट गोष्टीभोवती ठेवणार आहे. मुलगी काय करते याची नोंद केंद्रात होईलच. मी लिहिणार आहे ते तिला ते करताना आमचा हात किती लागला याबद्दल.

ध्येये तीन ठरली. स्टुलावरून उठून वॉकर धरणे हे थेरपिस्टनी सुचवले. शौचालयात एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने चड्डी वर घेणे हे मुलीने स्वतः सांगितले, आणि तेही, ‘‘आई, मला कुणी बघायला नकोय,’’ अशा शब्दांत. तिसरेही तिचेच: वर्गात फळ्यापाशी उभे राहून लिहायचे. आम्हा पालकांच्या मनात ‘वॉकरशिवाय चार पावले’ असे एक ध्येय होते. ते आम्ही यादीत घातले नाही, कारण तिने ते मागितलेले नव्हते आणि तिच्या दिवसात त्या चार पावलांनी नेमके कोणते काम होणार होते हे आम्हालाही सांगता येईना.

५ जून

आज आरंभीची मोजमापे झाली. स्थूल हालचाली मोजणाऱ्या जीएमएफएम या चाचणीत मूळ ८८ कृती आहेत आणि त्या लोळणे-कुशीवर वळणे, बसणे, रांगणे व गुडघ्यांवर उभे राहणे, उभे राहणे, आणि चालणे-धावणे-उडी अशा पाच विभागांत वाटलेल्या आहेत. प्रत्येक कृतीला शून्य ते तीन गुण मिळतात: मुलाने सुरुवातच केली नाही तर शून्य, नुसती सुरुवात केली तर एक, अर्धवट केली तर दोन आणि पूर्ण केली तर तीन. चाचणी घेणारी व्यक्ती हात लावत नाही. मुलगी धडपडत असताना खुर्चीवर हात बांधून बसणे आईवडिलांना किती जड जाते, हे त्या खोलीत बसल्यावरच कळते.

सांध्यांची मापे गोनिओमीटर या कोनमापकाने घेतली. मांडीच्या मागचे आणि पोटरीचे स्नायू थेरपिस्टनी दोनदा ताणून पाहिले, एकदा सावकाश आणि एकदा झटक्याने. झटक्याने ताणताना स्नायू ज्या कोनात अडतो आणि सावकाश ताणल्यावर तो जिथवर जातो, त्या दोन कोनांमधले अंतर महत्त्वाचे असते. अंतर मोठे असेल तर अडथळ्याचा मोठा भाग स्पास्टिसिटीचा, म्हणजे झटक्याने ताणल्यावर स्नायू आवळून विरोध करतो त्या ताठरपणाचा असतो. अंतर कमी असेल आणि सावकाश ताणूनही स्नायू पुढे जात नसेल, तर तो आखूड झालेला असतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आमच्याकडे मांडीमागचे स्नायू थोडे आखूड झाले आहेत आणि पोटऱ्यांत मात्र स्पास्टिसिटी जास्त आहे.

खुब्यांचा एक्स-रेही पाहिला. मांडीच्या हाडाचा गोल किती टक्के खोबणीच्या बाहेर सरकला आहे ते त्यात मोजतात, आणि हा आकडा ३० टक्क्यांच्या पुढे गेला की अधिक बारीक लक्ष ठेवावे लागते. तिचे दोन्ही खुबे त्या मर्यादेच्या आत आहेत. खुबा सरकू लागला तरी पुष्कळदा सुरुवातीला काहीच दुखत नाही, म्हणून ही तपासणी ठरलेल्या अंतराने करत राहायची असते. सघन व्यायामाच्या उत्साहात नेमकी हीच गोष्ट मागे पडू शकते.

मदत मोजण्यासाठी थेरपिस्टबरोबर बसून एक पट्टी ठरवली. कमरेला दोन्ही हातांनी धरावे लागले तर चार, खुब्यांवर नुसते तळहात टेकवावे लागले तर तीन, एका बोटाचा स्पर्श पुरला तर दोन, फक्त शब्द लागला तर एक, आणि काहीच लागले नाही तर शून्य. ही काही प्रमाणित चाचणी नाही. घरच्या वापरापुरती काढलेली पट्टी आहे. आज स्टुलावरून उठताना चार.

११ जून

पहिल्या दिवसांत कामाचा मोठा भाग उठण्यावर गेला. आपण खुर्चीवरून उठतो तेव्हा आधी पाय मागे घेतो, मग धड पुढे झुकवतो, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाते आणि भार पावलांवर आल्यावरच बूड सुटते. हे इतक्या सहज घडते की कधी लक्षातही येत नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत यातली दुसरी पायरीच गळते. पुढे झुकायची तिला भीती वाटते, म्हणून ती धड मागे ठेवून पायांनी जोर लावते, तसे केले की पाय ताठ होऊन टाचा उचलल्या जातात, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि मग आम्ही तिला काखेत हात घालून वर उचलतो. म्हणजे तिच्या वाट्याचे पुढे झुकणे आजवर आमच्याच हातांनी भरून काढले आहे.

थेरपिस्टनी केलेला बदल साधा होता. स्टूल थोडे उंच घेतले, जेणेकरून गुडघे कमी वाकतील आणि जोर कमी लागेल. समोर जमिनीवर तिच्या हाताच्या जरा पलीकडे ठोकळे ठेवले आणि ते उचलून वॉकरच्या टोपलीत टाकायला सांगितले. ठोकळ्यासाठी वाकले की नाक आपोआप पुढे जाते. पुढे झुकण्याबद्दल कुणी एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एका प्रयत्नात टाचा जमिनीवर राहिल्या आणि बूड स्टुलावरून बोटभर सुटले; ती तिथेच थबकली, आमच्याकडे न बघता स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिली आणि मग सावकाश परत बसली. त्या वेळी माझे तळहात तिच्या खुब्यांवर टेकलेले होते, पण त्यांत जोर नव्हता. नोंद : तीन.

घरासाठी सूचना अशी की व्यायाम म्हणून वेगळा तास काढायचा नाही. दिवसभरात ती जेवढ्या वेळा बसून उठते, त्यातली काही उठणी या पद्धतीने करायची आणि बाकीची घाईची उठणी नेहमीप्रमाणे उचलून करायची. शाळेची वेळ झालेली असताना कुणीही स्नायूंचे शिक्षण घेत नाही, हे थेरपिस्टनी हसत सांगितले आणि आम्हाला ते पटले.

१४ जून

नवीन एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल सांभाळणारे स्प्लिंट, आजपासून वापरात आले. स्प्लिंट काढल्यावर आतल्या घोट्याच्या हाडावर लाल डाग दिसला. असा डाग वीस-तीस मिनिटांत विरला तर हरकत नसते. तो टिकून राहिला तर तिथे दाब पडतो आहे असे समजून स्प्लिंट दुरुस्तीला द्यावे लागते. डाग टिकला, म्हणून ते परत पाठवले. दोन दिवस जुनी जोडी.

१९ जून

या आठवड्यात भेटीला आलेल्या बहुतेकांनी एक तरी उपाय सुचवला. ते सारे प्रेमापोटी असते, पण प्रत्येक उपायाला मुलीच्या दिवसातला वेळ लागतो आणि तो वेळ कुठून तरी काढावा लागतो. म्हणून आमच्यापुरता निकष इथे लिहून ठेवतो.

सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचा इतिहास पाहिला तर विसाव्या शतकाच्या मध्यापासून बराच काळ थेरपिस्टचे हात केंद्रस्थानी होते. बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने लंडनमध्ये विकसित केलेल्या पद्धतीत थेरपिस्ट मुलाचे शरीर हाताळून चुकीच्या हालचाली दाबतो आणि योग्य हालचाल घडवतो, असा मूळ विचार होता. जवळपास त्याच काळात बुडापेस्टमध्ये आंद्राश पेतो यांनी हालचालीकडे शिक्षण म्हणून पाहिले आणि मुलांना गटात, रोजच्या कामांतून शिकवायला सुरुवात केली. पुढे अभ्यास वाढत गेले. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध पुरावे एकत्र करून उपचारांची हिरव्या, पिवळ्या आणि लाल दिव्यांत वर्गवारी केली. ठरवलेल्या ध्येयावर आधारित, मुलाने स्वतः करायचा सराव आणि त्याला जोडून घरचा कार्यक्रम हे हिरव्यात आले. मूळ स्वरूपातली हाताळणीवर आधारलेली पद्धत लाल दिव्याकडे गेली. नुसते हाताने स्नायू ताणत राहण्याचा परिणामही आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला. यामागचे कारण समजायला अवघड नाही. मेंदू शिकतो तो प्रयत्न, चूक आणि दुरुस्ती यांतून, आणि दुसऱ्याच्या हातांनी घडलेल्या हालचालीत यांतले काहीच मुलाच्या वाट्याला येत नाही.

सुचवलेल्या उपायांत जास्त दाबाखाली प्राणवायू देण्याचा उपायही होता. त्यावरचा २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला कॅनडातला अभ्यास आठवण्याजोगा आहे. त्यात १११ मुले होती. काहींना जास्त दाबाने शुद्ध प्राणवायू दिला आणि काहींना किंचित दाबाखालची साधी हवा. दोन्ही गटांतल्या मुलांत सुधारणा दिसली आणि दोन्ही गटांत फरक नव्हता. एखाद्या उपायानंतर मूल सुधारले म्हणजे ते त्या उपायानेच सुधारले असे म्हणता येत नाही. हीच कसोटी मला आमच्या या सघन टप्प्यालाही लावावी लागेल, कारण इथे तुलनेला दुसरा गट नाही, एकच मुलगी आहे आणि तिचे वय रोज वाढते आहे.

मात्रेचा, म्हणजे किती सराव लागतो हा प्रश्नही यातच येतो. हातांच्या कामांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा असे सांगतो की एखादे नेमके ध्येय गाठायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो. पायांच्या कामांना तोच आकडा लावता येणार नाही. तरी त्यावरून एक अंदाज येतो की आठवड्यातून एकदा अर्धा तास अशा हप्त्यांनी ध्येय गाठायला वर्ष उलटते आणि तोवर मूल ते ध्येय विसरून गेलेले असते. सघन टप्प्याच्या बाजूने मला पटलेला सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

२६ जून

आज तिने काम करायला नकार दिला. रडणे-ओरडणे झाले नाही. ती स्टुलावर बसली, वॉकर पायाने थोडा दूर ढकलला आणि म्हणाली, ‘‘ताई, आज मी तुझा व्यायाम घेते.’’ थेरपिस्टनी क्षणभर विचार करून स्टूल स्वतःकडे ओढले. उरलेला वेळ मुलगी सूचना देत होती आणि थेरपिस्ट मुद्दाम मागे रेलून, टाचा उचलून चुकीच्या पद्धतीने उठत होत्या. मुलीने त्यांना दोनदा थांबवले. ‘‘नाक पुढे आण, नाहीतर पडशील,’’ हे वाक्य तिला कुणी शिकवलेले नव्हते. आधी लिहिल्याप्रमाणे त्याबद्दल तिच्याशी कधी बोलणेच झाले नव्हते. ठोकळे वेचता वेचता तिने नियम स्वतःच शोधून काढला होता. नोंद करण्याजोगी प्रगती त्या दिवशी शरीरात काही नव्हती, पण मी ती नोंदवतो आहे.

घरी आल्यावर तिच्या आईने आणि मी एक सीमा आखली. संध्याकाळचे दोन तास आम्ही थेरपीबद्दल एक शब्द बोलणार नाही. त्या वेळात ती दोन्ही पाय बाहेर टाकून, गुडघे आत वळवून बसली तरी ‘नीट बस’ म्हणायचे नाही. तसे बसणे दिवसभर चालू राहिले तर खुब्यांना चांगले नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण धाकट्या भावाशी खेळताना तिचे दोन्ही हात मोकळे राहण्यासाठी तिला तीच बैठक स्थिर वाटते, आणि खेळ थांबवून बैठक सुधारायची याला आम्ही तयार नाही. पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ मध्ये अपंग मुलांच्या विकासात महत्त्वाच्या गोष्टींची एक छोटी यादी मांडली. तिच्यात काम करता येणे आणि तंदुरुस्ती यांच्या जोडीला कुटुंब, मौज, मित्र आणि भविष्य हेही आहेत. थेरपीच्या वेळापत्रकात या दुसऱ्या गटाला जागा कुणी देत नाही, ती आपणच राखून ठेवावी लागते.

४ जुलै

चड्डीचे ध्येय आज मार्गी लागले असे म्हणता येईल. त्यात स्नायूंइतकाच वाटा दांडीचा आहे. केंद्रात ती पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन समांतर दांड्यांच्या मध्ये, एक हात सोडून बऱ्यापैकी उभी राहत होती, मात्र घरी तेच जमत नव्हते. मग थेरपिस्टनी घरातल्या शौचालयाचे फोटो आणि मापे मागवली. भिंतीवरची दांडी मोठ्या माणसाच्या उंचीची होती. ती धरायला मुलगी हात वर ताणत असे, हात वर गेला की पाठ मागे वाकायची आणि टाचा सुटायच्या. दांडी तिच्या कमरेच्या किंचित वर आणली, पावलांखाली न सरकणारी चटई घातली आणि कमरेला नाडीऐवजी सैल इलॅस्टिकच्या चड्ड्या घेतल्या. मागच्या बाजूला कापडाचा एक छोटा फासा तिच्या आईने शिवला, म्हणजे बोट अडकवून ओढता येते.

आता ती उजव्या हाताने दांडी धरते, डाव्या अंगठ्याने तो फासा शोधते, एक बाजू ओढते, हात बदलते, दुसरी बाजू ओढते आणि शेवटी दोन्ही कोपर भिंतीला टेकवून दम खाते. वेळ लागतो. दाराबाहेर उभे राहून तो वेळ जाऊ देणे हा आमच्या वाट्याचा व्यायाम आहे. काल आत काहीतरी घसरल्याचा आवाज आला तेव्हा माझा हात कडीवर गेला होता आणि आतून आवाज आला, ‘‘बाबा, येऊ नकोस, साबण पडलाय.’’ नोंद : शून्य, दार बंद.

दांडी खाली आणणे म्हणजे काम सोपे करून दाखवणे, यात मुलीची प्रगती कुठे आहे, असा प्रश्न घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की कोणतीही हालचाल करणारे मूल, करायचे काम आणि भोवतीची जागा या तिघांच्या मेळातून घडते, आणि आपण सगळेच आपल्या उंचीला बेतलेल्या ओट्यावर आणि जिन्यावर वावरतो. तिची जागा तिच्या उंचीला बेतली एवढेच. शिवाय ती तिथे दिवसातून अनेकदा एक हात सोडून उभी राहते, आणि तेवढा सराव केंद्रातल्या वेळापत्रकात बसलाच नसता.

१८ जुलै

सघन टप्पा संपला आणि फेरमोजणी झाली. जीएमएफसीएसचा स्तर तिसराच आहे, आणि तो बदलेल अशी अपेक्षाही नव्हती. जीएमएफएमच्या उभे राहण्याच्या विभागात गुण थोडे वाढले, चालण्याच्या विभागात जवळजवळ तेच राहिले. मांडीमागच्या स्नायूंच्या कोनातला फरक मोजमापाच्या चुकीइतकाच आहे, त्याला सुधारणा म्हणणे योग्य होणार नाही. माझ्या पट्टीवर मात्र स्टुलावरून उठण्यातली मदत चारवरून एकवर आली आहे.

हे आकडे परस्परविरोधी दिसतात, म्हणून थेरपिस्टबरोबर त्यांवर सविस्तर बोललो. रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कॅनडातील शेकडो मुलांच्या जीएमएफएम गुणांवरून प्रत्येक स्तरासाठी वाढीचे आलेख तयार केले. त्या आलेखांनुसार तिसऱ्या स्तरावरची मुले त्यांच्या स्थूल हालचालींच्या अपेक्षित क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत सरासरी ३.७ वर्षांच्या वयात पोहोचतात. पहिल्या स्तरावर हे वय ४.८ आणि पाचव्या स्तरावर २.७ आहे. ही सरासरी आहे, कुणा एका मुलाचे भाकीत नाही. तरी साडेसहाव्या वर्षी चाचणीचे गुण झपाट्याने वाढतील अशी आशा धरणे आणि ते वाढले नाहीत म्हणून व्यायाम दुप्पट करणे, या दोन्हींत अर्थ नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा तिची आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने थेरपिस्टना विचारले की मग एवढे कष्ट कशासाठी. त्यांचे उत्तर मी जसे समजलो तसे लिहितो. चाचणी मुलाला अनुकूल परिस्थितीत काय करता येते ते मोजते. रोजच्या आयुष्यात ते मूल प्रत्यक्षात काय करते, किती वेळा करते आणि कुणाच्या मदतीने करते, हे ती मोजत नाही. या दोहोंमधली दरी पुष्कळ मुलांत मोठी असते. आमच्या घरात ती दरी आमच्याच प्रेमळ हातांनी रुंद ठेवली होती, कारण उचलून घेणे लवकर उरकते आणि कुणी पडत नाही. सहा आठवड्यांत जे हलले ते बहुतांशी त्या दरीत हलले. शिवाय क्षमता टिकवणे हेही कामच आहे: तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या स्तरावरच्या मुलांत वाढीच्या वयात ती घसरू शकते, कारण हाडे लांब होतात, वजन वाढते आणि ताठ स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत.

तिसरे ध्येय, फळ्यावर लिहिणे, अजून बाकी आहे.

२ ऑगस्ट

ताप येऊन गेला. तापानंतर आठवडाभर उठताना पुन्हा तीनची मदत लागत होती, आता दोनवर आहे. आजारपणानंतर अशी घसरण होते आणि बहुधा भरून निघते, असे थेरपिस्टनी आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे घरात धावपळ झाली नाही.

१६ ऑगस्ट

वर्गशिक्षिका बाईंबरोबर बैठक झाली. फळ्यापाशी मुलीला दोन अडचणी होत्या. फळ्याखालची पट्टी खडू ठेवण्यापुरती असल्याने धरायला उपयोगाची नाही, आणि एकाच हाताने वॉकर धरून तिला सरळ उभे राहता येत नाही. तिचा वॉकर मागून ओढायच्या प्रकारचा आहे, म्हणजे चौकट तिच्या पाठीमागे असते आणि पुढची बाजू मोकळी राहते. तो घेऊन ती फळ्याच्या अगदी जवळ जाऊ शकते, पण एक हात सोडला की धड त्या बाजूला वळते. बाईंनी सुचवले की फळ्याच्या कडेला, खिडकीच्या चौकटीलगत उभे राहिले तर डावा खांदा टेकवता येईल. हे आम्हा कुणालाच सुचले नव्हते. त्या वर्गात दिवसभर त्याच उभ्या असतात.

आज तिने खांदा टेकवून, डाव्या हाताने वॉकर धरून, उजव्या हाताने तारीख लिहिली. महिन्याचे नाव लिहिताना गुडघे वाकू लागले, तेव्हा तिने खडू ठेवला, दोन्ही हातांनी वॉकर धरून गुडघे सरळ केले आणि उरलेली अक्षरे पूर्ण केली. ध्येये मोजण्याच्या ज्या पद्धतीत उणे दोन ते अधिक दोन अशी पट्टी असते, तीत आम्ही ‘टेकून एक ओळ’ याला शून्य, म्हणजे अपेक्षेइतके, आणि ‘न टेकता एक ओळ’ याला अधिक एक ठरवले होते. निकाल शून्य. तारीख रोज तिने लिहावी, असे बाईंनी ठरवले होते. मुलीने ते आठवड्यातून दोनदाच मान्य केले, कारण तिच्या मैत्रिणीलाही तारीख लिहायची असते.

३० ऑगस्ट

बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे पाहणी झाली. खुबे स्थिर आहेत. पोटऱ्यांमधली स्पास्टिसिटी पाहता त्यांनी दोन्ही पोटऱ्यांत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने सुचवली आहेत. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. त्या काळात ताठरपणा कमी असतो, पण स्नायूला ताकद त्यातून मिळत नाही, ती सरावानेच येते. म्हणून इंजेक्शन आणि पुढचा सघन टप्पा एकमेकांना जोडूनच घ्यायचे, वेगवेगळे नाही. शस्त्रक्रियेचा विचार सध्या नाही. आखूड स्नायूंसाठी ती बहुधा वाढ थोडी पुढे गेल्यावर, गरजेच्या सगळ्या ठिकाणी एकाच वेळी करतात, म्हणजे भूल आणि पुनर्वसनाचा काळ वारंवार सोसावा लागत नाही.

चाकाच्या खुर्चीचा अर्जही आज भरला. सहलीला आणि मोठ्या मैदानावर ती वॉकर घेऊन जाते तेव्हा पोहोचेपर्यंत इतकी थकते की खेळायला ताकद उरत नाही. खुर्ची घेतली तर चालणे सुटेल अशी भीती दोन्ही आजी-आजोबांना आहे. तिसऱ्या स्तराच्या वर्णनातच लांब अंतरासाठी खुर्ची आहे, आणि चालण्याची शक्ती वर्गात, घरात, शौचालयात आणि फळ्यापाशी वापरायची असेल तर ती रस्त्यावर संपवून चालणार नाही, असे आमचे मत आहे. मुलीला रंग निवडायचा आहे, तेवढा रकाना रिकामा ठेवला आहे.

पुढच्या टप्प्याची ध्येये इंजेक्शनच्या तारखेआधी ठरवायची आहेत. तिने एक आधीच सांगितले आहे: शाळेच्या बसच्या पहिल्या पायरीवर स्वतः चढायचे. पायरीची उंची मोजायला मी उद्या बस येण्याआधी टेप घेऊन थांबणार आहे आणि चालकांना तसे सांगून ठेवले आहे.